पिकअपला जादा फीड पंप: फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती, चूक किती

वाडी, कळमना, बुटीबोरी या भागांत डिझेल पिकअप चालवणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘नागपूरच्या उन्हात डिझेल उकळून पाइपात वाफ धरते, म्हणून गाडी दम तोडते. टाकीजवळ इलेक्ट्रिक फीड पंप टाका. लिटरमागे 2 किलोमीटर वाढतील, ताकद वाढेल, हाय प्रेशर पंप आयुष्यभर जाणार नाही. जितका जास्त प्रेशरचा पंप तितका चांगला. लाइन चाबीच्या वायरवरून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.’

फीड पंप म्हणजे टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा पंप, आणि हाय प्रेशर पंप म्हणजे तेच डिझेल प्रचंड दाबानं इंजिनाकडे पाठवणारा पंप. मेसेजमधली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्यांनी पैसे जातील, आणि दोन गोष्टी तर गाडी पेटवू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

उन्हात डिझेल उकळतं?

नाही. पेट्रोलचे हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. डिझेलची उकळायची सुरुवात साधारण 160 ते 180 अंशांना होते. मे महिन्यात पारा 46 वर गेला आणि बॉनेटखाली पाइप हाताला चटका देऊ लागला, तरी डिझेल त्या तापमानाच्या जवळपासही पोहोचत नाही.

मग उन्हाळ्यात गाडी हवा का धरते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा का शिरते? टाकी ते फिल्टर ते हाय प्रेशर पंप हा पाइप बऱ्याच पिकअपमध्ये ओढीवर चालतो. हाय प्रेशर पंपाच्या मागच्या बाजूला बसवलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. उष्णतेनं रबरी पाइप कडक होतो, क्लिपखाली त्याला बारीक चीर पडते. ओढीच्या बाजूला चीर पडली की डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं म्हणून दोष सापडत नाही, आणि आळ उन्हावर येतो. दुसरं कारण तुंबलेला फिल्टर. ओढ वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बुडबुडे होऊन सुटते.

तपासणी सोपी आहे. फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामध्ये तात्पुरता वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि गाडी चालू ठेवून पाहा. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेले तर ठीक. सतत येत राहिले तर टाकीच्या दिशेनं मागे जात फिल्टरची ओ-रिंग, हवा काढायच्या हात पंपाचा सांधा, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, टाकीवरची नळी असं एकेक तपासत जा. टाकी पाव भरलेली असताना पाहिलं तर टाकीतल्या ओढनळीची चीरही उघडी पडते. टाकी भरलेली असताना ती डिझेलखाली लपते. पाहून झालं की तो पारदर्शक पाइप काढून टाका. तो कायम ठेवायचा नाही, उष्णतेनं तोही कडक होतो.

मायलेज आणि ताकद वाढते?

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना रेल नावाच्या एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल मिळतं अशा इंजिनात, सिलिंडरमध्ये किती डिझेल जायचं हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. रेलमधला दाब हजार-दीड हजार बारच्या घरात असतो आणि नोझल किती वेळ उघडायचं हे मिलिसेकंदात मोजलं जातं. फीड पंपानं मागून जास्त डिझेल ढकललं तर जादाचं डिझेल रिटर्न पाइपातून टाकीत परत जातं, मायलेज किंवा ताकद वाढत नाही.

गरज किती असते याचा हिशेब करून पाहा. 55 किलोवॅटचं इंजिन पूर्ण जोरात असताना दर किलोवॅट-तासाला 230 ग्रॅम डिझेल खातं असं धरलं, तर तासाला सुमारे 12.7 किलो, म्हणजे 15 लिटरच्या आसपास. गाडीचा मूळ पंप रिटर्नसकट याच्या कितीतरी पट डिझेल हलवण्यासाठी बनवलेला असतो.

फरक फक्त आधीच उपाशी असलेल्या गाडीला पडतो. लोड घेऊन छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाट चढताना गाडी जोर सोडते, स्कॅनरवर पी 0087 म्हणजे रेलचा दाब कमी असल्याचा कोड येतो, आणि रिकामी असताना तीच गाडी ठीक चालते, असं असेल तर डिझेल पोहोचत नसल्याचा संशय रास्त आहे. पण आधी फिल्टरनंतरच्या पाइपावर टी आकाराचा जोड लावून व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) बसवा. नवा फिल्टर टाकल्यावर ओढ उतरली तर तो फिल्टरचाच दोष होता. तुंबलेल्या फिल्टरवर पंप लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

हाय प्रेशर पंप वाचतो?

अर्धं खरं आहे ते हेच. पाइप लांब आहे, जादा वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) बसवला आहे आणि ओढ खरंच मर्यादेबाहेर गेली आहे, तर हलक्या दाबाचा फीड पंप हाय प्रेशर पंपाचं कॅव्हिटेशन (जास्त ओढीमुळे आत बुडबुडे होऊन फुटणं आणि धातू झिजणं) थांबवतो. पण हाय प्रेशर पंप मरतो मुख्यतः पाण्यानं आणि कचऱ्यानं. फीड पंप आधी आणि सेपरेटर नंतर लावला, तर पंप पाणी घुसळून डिझेलमध्ये मिसळतो आणि सेपरेटरला ते नीट वेगळं करता येत नाही. क्रम असा ठेवा: टाकी, जाळी आणि वॉटर सेपरेटर, फीड पंप, बारीक फिल्टर, हाय प्रेशर पंप.

जास्त प्रेशरचा चांगला?

या सल्ल्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ओढीवर चालणाऱ्या रचनेला 0.3 ते 0.5 बार, म्हणजे साधारण 4 ते 7 पीएसआय, एवढाच दाब पुरतो. पेट्रोल इंजेक्शन गाडीचा 3-4 बारचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावला, तर हाय प्रेशर पंपाचं शाफ्ट सील दाबाखाली सुटू शकतं आणि डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ओढीसाठी बनवलेलं फिल्टर हाउसिंग आणि हात पंपही गळू लागतात. आधी ज्या चिरेतून हवा आत जायची, तिथून आता डिझेल बाहेर पडतं, आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. आपल्या गाडीची इनलेट मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून मगच पंप घ्या.

चाबी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद गुंईं असा आवाज येतो का, तेही ऐका. येत असेल तर टाकीत पंप आहेच, दुसरा कशाला?

चाबीच्या वायरवरून लाइन, अर्ध्या तासात?

चाबीच्या वायरवर 5 अँपिअरचा बोजा टाकला की इग्निशन स्विच तापतो. वायर बारीक असेल तर पंपाला पुरेसे व्होल्टही मिळत नाहीत: 4 मीटर लांब, 0.5 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जाताना 0.7 व्होल्ट गळतात, अर्थिंगची वायर तेवढीच असेल तर येताना आणखी 0.7. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हाच आकडा एका बाजूला 0.14 होतो. बॅटरीच्या प्लसवरून 15 सेंटिमीटरच्या आत 10 अँपिअरचा फ्यूज, तिथून 30 अँपिअर रिलेचं (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) 30 नंबर टर्मिनल, 87 वरून पंप. 85 अर्थला. 86 ला चाबीचा सिग्नल ऑइल प्रेशर स्विचवर चालणाऱ्या वेगळ्या रिलेमधून द्या, म्हणजे गाडी उलटली आणि इंजिन बंद पडलं तरी पंप डिझेल ओतत राहणार नाही. हे सगळं नीट करायला निम्मा दिवस जातो.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढा. पंप टाकीजवळ, डिझेलच्या पातळीच्या खाली, चेसिसच्या आतल्या अंगाला रबर बुशवर बसवा. सायलेन्सरपासून किमान फूटभर लांब. पंपावरच्या बाणाची दिशा तपासा. पाइप डिझेलसाठीचाच घ्या, आतला व्यास मूळ पाइपाएवढा. बंद पडल्यावर डिझेल जाऊ देणारा पंप निवडा, नाहीतर बायपास आणि चेक व्हॉल्व्ह लावा. रोटर अडकलेला पंप गाडी हायवेवर उभी करतो.

हवा काढताना सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. रेलचे किंवा नोझलचे नट ढिले करून हवा काढायची जुनी सवय इथे चालत नाही. त्या दाबाची धार चामडी फोडून आत जाते.

100 किलोमीटरनंतर गाडी थंड असताना क्लिपा पुन्हा आवळा. पहिला महिना आठवड्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहा. ऑइलची पातळी चढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचा फ्यूज काढा आणि गाडी तिथंच उभी ठेवा. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत.