एकच पासवर्ड, तोही सगळ्यांना पाठ

आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कॉम्प्युटरला लॉगिन एकच, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर! मग कोणीही यावं, माझं अर्धवट मिक्स, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे आवाज जुळवण्याचं काम, पेनड्राइव्हवर घ्यावं आणि चालू पडावं. वर तोंड करून म्हणायचं, ‘अरे, फक्त ऐकायला घेतलं होतं.’ ऐकायला मूळ प्रोजेक्ट फाइल आणि सुटे ट्रॅक कशाला लागतात रे?

‘फोल्डर हिडन कर’ म्हणणाऱ्यांचा तर संतापच येतो. एक सेटिंग बदललं की तो लख्ख दिसतो! विंडोज असो वा मॅक, प्रत्येकाला वेगळं अकाउंट देता येतं. पण ॲडमिनचे हक्क, म्हणजे इतरांच्याही फाइल उघडायची मुभा, प्रसादासारखे वाटले, तर त्याचाही उपयोग शून्य. म्हणून मी एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी हार्डडिस्क सोबत नेतो, तर मलाच संशयी म्हणतात. खुशाल म्हणा. काम माझं आहे.