पालिकेतून निवृत्त होताय? आधी घरपट्टी भरा

नगरपरिषदेच्या नोकरीतून यंदा निवृत्त होणाऱ्या तमाम बंधू-भगिनींसाठी काही सूचना. आमचे नाना 33 वर्षं व्हॉल्व्हमन होते, त्यामुळे सगळं घरातच भोगलेलं आहे.

पहिलं, उपदान (ग्रॅच्युइटी) हातात पडेपर्यंत आजारी पडू नका.

दुसरं, सेवापुस्तकाची झेरॉक्स जवळ ठेवा. त्यातलं एखादं पान ऐन निवृत्तीच्या महिन्यात गावाला जातं.

तिसरं, कायदा वाचू नका. उपदान 30 दिवसांत द्यावं, उशीर झाल्यास व्याजासह, असं कायद्यात लिहून ठेवलंय. आस्थापना विभागात हे बोलून बघा. टेबलामागच्या बाई चष्म्यावरून अशा बघतात, जणू तुम्ही त्यांच्याकडे हातउसने मागायला आलात. वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्याकडून जादा दिलेला पगार मागे घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली रफीक मसीह प्रकरणात सांगितलं. तरीही नानांच्या फायलीवर ‘अतिप्रदान वसुली प्रस्तावित’ आहेच.

चौथं, मुंबईच्या बातम्या टाळा. तिथल्या महापालिकेत 2025 च्या दिवाळीला 31,000 रुपये सानुग्रह अनुदान, म्हणजे बोनस. आमच्याकडे 1 जानेवारी 2016 पासूनच्या सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते अजून मोजतायत.

पाचवं, आणि हे मात्र वहीत लिहून घ्या: घरपट्टी थकवू नका. गेल्या मंगळवारी नानांना नोटीस आली. 11,640 रुपये, वर दरमहा 2 टक्के शास्ती, पंधरा दिवसांत न भरल्यास नळजोडणी तोडणार. (तोडायला जो पोरगा येईल त्याला पाना धरायला नानांनीच शिकवलंय.) मी नोटीस घेऊन वसुलीच्या खिडकीवर गेलो. म्हटलं, तुमच्याकडे नानांचे निवृत्तीचे साडेसात लाख अडकलेत, त्यातून वळते करून घ्या. “ते खातं वेगळं.” बरं. तिथून आठ पावलांवर आस्थापना. “निधी उपलब्ध झाल्यावर, ज्येष्ठतेनुसार.” निधी कधी? “शासनाचं सहायक अनुदान पगारालाच पुरत नाही.” वेतनश्रेणी ठरवणार मंत्रालय, पैसे मोजायचे इथल्या लेखापालानं, म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवायची कायमची सोय. आणि निधी नाही म्हणता, तर तळ्याकाठचा तो सेल्फी पॉइंट कुठल्या निधीतून उभा राहिला? त्या लाल बदामाला रात्रभर दिवे लागतात. त्याच तळ्याच्या वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह नाना पहाटे चारला सोडायचे. पावसात, गुडघाभर चिखलात, बॅटरी दातात धरून.

सहावं काही नाही. सूचना संपल्या.

अहो, थोडी तरी लाज बाळगा! नागरिकाकडे थकलं की दर महिन्याला 2 टक्के, आणि तुमच्याकडे थकलं की ‘ज्येष्ठतेनुसार’? हे पैसे कुणी बक्षीस म्हणून मागत नाहीये, कमावलेले आहेत ते. ज्येष्ठतेनुसार म्हणता ना, मग ती यादी एकदा भिंतीवर लावा. कोण कितवा आहे, कुणाला कधी दिले, मधेच कुणाचा नंबर कसा लागला, सगळ्या गावाला वाचू दे. आणि म्हातारा माणूस टेबलापुढे येऊन उभा राहिला, तर निदान बसायला खुर्ची द्या.