रनिंग-इन अर्धंच खरं

लेखात म्हटलंय की हल्लीच्या इंजिनांना रनिंग-इन (म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवणं) लागतच नाही. अर्धंच पटलं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायला अजूनही काही शे किलोमीटर लागतात, आणि त्यांना भिंतीवर दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. फार हळू चालवलं तर हा दाब कमी पडतो, त्यामुळे पहिले १००० किलोमीटर चाळीसच्या स्पीडने रांगत काढणं (बाबा त्यांच्या पद्मिनी गाडीला असंच जपायचे) आता नको. इंजिन गरम झालं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कमी-जास्त करत चालवा, फुल थ्रॉटल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणं) टाळा. एक्सप्रेसवेवर तासभर एकाच वेगाने पळवण्यापेक्षा ताम्हिणी घाट बरा, फक्त चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका.

ऑइलबद्दल मात्र लेख फारच मोघम आहे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० (ऑइलच्या दाटपणाची ग्रेड) लिहिलंय, तरी कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणे, “साहेब, आपल्याकडे ऊन किती! २०डब्ल्यू-५० टाकू.” मी हात जोडले. ऊन बाहेर असतं हो, ग्रेडमधला दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा, १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. दाट ऑइल सकाळी गाडी सुरू करताना इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लावतं. आणि डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) बीएस६ डिझेल गाडी असेल तर कमी राखेचंच ऑइल घ्या, नाहीतर फिल्टर लवकर तुंबतो.