ट्रेडल ठेवलं, कॉम्प्युटर काढला

आमच्या प्रेसमधलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे ट्रेडल. अण्णांनी ते सेकंडहँड आणलं तेव्हा मी बालवाडीत होतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे केव्हाच भंगारात गेले, पण ट्रेडल आजही रोज धडधडतं. बिलबुकांचं नंबरिंग, परफोरेशन (फाडायला सोपी जावी म्हणून बारीक भोकांची रेघ), पाकिटांचं क्रीझिंग (घडीची खूण) सगळं त्याच्यावर. तेल घाला, पट्टा बदला, झालं. बिघडलंच तर गावातला कुठलाही लेथवाला पार्ट बनवून देतो.

आम्हाला घाम फोडला तो वयानं त्याच्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या डीटीपीच्या, म्हणजे मजकूर टाइप करून पानं मांडायच्या कॉम्प्युटरनं.

हे आत्ता लिहितोय कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला तेव्हापासून आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकच रड आहे. मशीन बदलायचं की नाही? एक गट म्हणतो चालतंय तोवर चालवा. दुसऱ्या गटात बहुतेक कॉम्प्युटर विकणारेच आहेत, त्यामुळे त्यांचं मत सांगायला नको.

मी पंधरा वर्षं पहिल्या गटात होतो. जुनं विंडोज एक्सपी, पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर आमची अख्खी प्रेस उभी होती. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. आमच्या धंद्यात कुणाचं पेजमेकर अस्सल होतं, हे कृपया विचारू नका. फॉन्टचं सॉफ्टवेअर मात्र विकतचं होतं आणि त्याला एक लॉक होतं. काडेपेटीएवढं डबडं, मागच्या गुलाबी प्रिंटर पोर्टला लावायचं. ते नसेल तर मराठीचं एक अक्षर उमटत नाही.

२०२३ चा मे. ऐन लग्नसराई. सकाळी अकराला मशीन बंद पडलं. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, चालू होईना. मदरबोर्ड गेला होता. मला वाटलं, नवीन बोर्ड टाकू. कॉम्प्युटरवाला पोरगा लॉक हातात घेऊन उलटंसुलटं बघत म्हणाला, "दादा, हे लावायचं कुठं? नव्या बोर्डाला असलं पोर्टच येत नाही." यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणली. तिच्यावर प्रिंटर चालला असता, पण सॉफ्टवेअरला लॉक काही दिसेना. शेवटी भंगारवाल्याकडून जुना बोर्ड मिळाला, अठराशे रुपयांना. तोवर तीन दिवस गेले आणि अकरा पत्रिका स्टँडसमोरच्या प्रेसला. त्यातली दोन घरं अण्णांच्या काळापासूनची गिऱ्हाइकं. लग्नाची तारीख कुणी आपल्यासाठी थांबवत नाही.

अठराशेत काम भागलं म्हणून अण्णा खूश होते. मी रात्री वहीत हिशेब मांडला. त्या तीन दिवसांत बुडालेल्या पैशांत नवा कॉम्प्युटर आला असता.

तेव्हापासून यंत्राचं वय मी विचारत नाही. उद्या सकाळी अकराला हे बंद पडलं तर किती वाजता चालू होईल, एवढंच विचारतो. ट्रेडलचं उत्तर 'संध्याकाळपर्यंत'. त्या कॉम्प्युटरचं उत्तर 'भंगारवाल्याच्या मर्जीवर'.

दुसरी खूण आधीच दिसत होती, आम्ही डोळेझाक केली. गिऱ्हाइकं मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवायला लागली, म्हणजे युनिकोडमध्ये, कुठल्याही मशीनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत. आमच्याकडे जुना फॉन्ट. कन्व्हर्टरमधून काढला की कुठं ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर, कुठं रफार घसरलेला. 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम', 'वर्ष'चं 'वषर्'. त्यापेक्षा परत टाइप केलेलं परवडायचं. गिऱ्हाइकानं टाइप करून दिलेला मजकूर आम्ही पगार देऊन पुन्हा टाइप करत होतो! आणि विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून आहे.

तरी बदल लांबला, कारण आमचे ऑपरेटर काका. वय सत्तावन्न, हात रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डचा, मान वर न करता दिवसाला दहा पानं. त्यांना म्हटलं, नव्यातही रेमिंग्टनचा कीबोर्ड ठेवता येतो. ते म्हणाले, "तू म्हणतोस तर शिकतो, पण पहिला महिना माझ्यावर ओरडायचं नाही." पहिल्या आठवड्यात दहाची चार पानं झाली. पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. मशीनच्या कोटेशनमध्ये हा दीड महिना कुणी लिहीत नाही. खरा खर्च तोच आहे.

म्हणून मुहूर्त बघा, पण धंद्याचा. आम्ही निवडला गेल्या वर्षीचा पितृपक्ष. गणपतीच्या पावतीपुस्तकांचं काम संपलेलं, दिवाळीचं सुरू व्हायचं होतं. आई चिडली, "पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घरात आणतं का?" कुणी आणत नाही म्हणूनच दुकानदार मोकळा होता, दोन दिवस आमच्याकडे ठाण मांडून बसला. पूजा दसऱ्याला केली.

काउंटरवरचं बिलिंगचं मशीनही त्याच वेळी बदललं. सहाव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, विंडोज ११ त्याला घेईना. आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. धंद्याच्या मशीनला पैसे भरून विंडोज १० च्या अपडेटची मुदतवाढ मिळते, पण पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट, आणि तीन वर्षांनी तेही बंद. ज्या मशीनवरून नेटबँकिंग आणि जीएसटीचं रिटर्न जातं तिथं मी ही घासाघीस करणार नाही. तोच आय३ आता मागच्या खोलीत बटर पेपरवर प्रिंट काढतो. त्याची नेटची वायर मी काढून घेतली, आणि बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही अशी चिठ्ठी चिकटवली. तो मरेपर्यंत चालेल, मला घाई नाही.

एक्सपीवालं मशीनही टाकलेलं नाही. पेजमेकरच्या फायली त्याच्या जागी आलेल्या नव्या इनडिझाइनमध्ये थेट उघडत नाहीत, आणि वीस वर्षांचं काम त्यात आहे. महिन्यातून एकदा काका ते चालू करतात, पंधरा मिनिटं चालवतात आणि कापड टाकतात. परवा एका विकास सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, २०११ चा वार्षिक अहवाल आहे का म्हणून. होता. काकांनी लॉक फुंकून लावलं, फाईल उघडली, पीडीएफ केली आणि सीडीवर घातली. मग लक्षात आलं, सीडी वाचणारं मशीन प्रेसमध्ये तेवढं एकच उरलंय.