‘क्रिमिनल जस्टिस करा, थेट पीएसआय व्हा’: जरा थांबा

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरू लागतो: ‘बीए-बीकॉम सोडा. क्रिमिनल जस्टिसची पदवी घ्या, थेट पीएसआय व्हा. आयपीएसची तयारीही त्यातच होते. अमेरिकेत तर या पदवीशिवाय पोलीस होताच येत नाही.’ (क्रिमिनल जस्टिस म्हणजे गुन्हे, पोलीस आणि न्यायव्यवस्था यांचा अभ्यास.) खाली परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा नंबर. म्हणजे मेसेज कुणी लिहिला ते कळलंच.

‘थेट पीएसआय’ ही यातली सगळ्यात मोठी थाप. गोव्यात उपनिरीक्षकाच्या भरतीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, ती कुठल्या विषयाची हे कुणी विचारत नाही. मराठी घेऊन बीए झालेली मुलगी आणि लाखभर फी भरून क्रिमिनल जस्टिस केलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. शिपायाला तर पदवीच लागत नाही. अर्ज अडतो तो भलत्याच ठिकाणी: १५ वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणीचं ज्ञान. मग मैदानी चाचणी, आणि तिथे दम लागला की पदवी कामाला येत नाही. कायदा आणि तपासाचे धडे निवड झाल्यावर सरकारच वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयात देतं, तेही पगार देऊन! ज्या भरतीच्या जाहिरातीत हीच पदवी मागितली आहे तिचा फोटो त्या नंबरवाल्याकडे मागून बघा.

आयपीएसचं म्हणाल तर यूपीएससीलाही कुठलीही पदवी चालते. वैकल्पिक विषयांच्या यादीत कायदा आहे, गुन्हेगारीशास्त्र नाही.

अमेरिकेचा दाखलाही खोटाच. तिथल्या बहुतेक स्थानिक पोलीस दलांना शालान्त शिक्षण पुरतं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कॉलेजच्या ६० क्रेडिटची (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककांची) अट २०२५ मध्ये २४ वर आणली. एफबीआयच्या एजंटाला पदवी लागते, पण तीही कुठल्याही विषयाची.

मग हा विषय शिकूच नये? तसं मी म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७६ मध्ये, ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. म्हणजे जाणकार माणसं लागणारच. ज्याला याची खरी ओढ आहे त्याला परराज्यात जायची गरज नाही. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आपल्या फोंड्याजवळ कुर्टीला आहे, आणि राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा वेर्ण्याला. पण या वाटेने गेलात तर अंगावर खाकी नाही, पांढरा कोट येतो. दहावीनंतर विज्ञान घेतलेलं असलं तर बरं.