‘राजा हरिश्चंद्र’ संपूर्ण सापडलेला नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. तिच्या गावच्या वाचनालयात मे महिन्यात कार्यक्रम आहे आणि त्यात ‘भारताचा पहिला चित्रपट, संपूर्ण’ दाखवायचं तिने कबूलही करून टाकलंय. कुठून मिळाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय ना. तुला नाही आला?” आला होता. मीच दुर्लक्ष केलं होतं. पण आता तो वाचनालयाच्या पडद्यावर जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा आहे: १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ संपूर्ण आणि मूळ स्वरूपात पाहा. सरकारने शंभर वर्षं दडवून ठेवलेला हा चित्रपट एआयने खऱ्या रंगांत आणि आवाजासह परत आणला. पहिल्या भारतीय अभिनेत्रीचं दर्शन घ्या. आता जुनी रिळं आणि कॅसेटी सांभाळत बसायची गरज नाही. प्रत्येक मराठी माणसाने शेअर करा. आणि खाली साधारण पंधरा मिनिटांचा व्हिडिओ.

‘संपूर्ण’पासून सुरुवात करू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता, लांबी ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे फ्रेम, बसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास असे, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३,७०० फुटांना तासाभराहून थोडं जास्त लागतं. आजच्या २४ चौकटींच्या वेगाने पळवला तरी चाळीस मिनिटांच्या खाली येत नाही. मग पंधरा मिनिटांत ‘संपूर्ण’ कसा बसला? हा हिशेब शाळेतलं पोरही करेल. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही तो करावासा वाटला नाही, याचा राग येतो.

जे शिल्लक आहे ते म्हणजे पहिलं रीळ आणि शेवटचं रीळ. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ते आहेत आणि इंटरनेटवर फिरणारं सगळं त्यातूनच आलेलं आहे. सुरुवातीला हरिश्चंद्र रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतो. शेवटी शंकर प्रकट होऊन मेलेल्या रोहिदासाला उठवतो. मधली रिळं नाहीत. कुणाकडेही नाहीत. व्हिडिओत मध्येच गोष्ट तुटते, तो जोडणाऱ्याचा दोष नाही. तिथे चित्रपटच संपलेला आहे.

‘मूळ १९१३ चा’ हे तर त्याहून नाजूक प्रकरण आहे. ही दोन रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या ‘हरिश्चंद्रा’ची आहेत, असं काही इतिहासकारांचं ठाम मत आहे. १९१३ ची प्रत गावोगावच्या खेळांत आणि बैलगाडीच्या प्रवासात, उन्हातान्हात खराब झाली, म्हणून त्यांनी तो परत केला असं सांगितलं जातं. या वादाची खोली ज्याला कळून घ्यायची आहे त्याने ‘लाइट ऑफ एशिया’ हे पुस्तक मिळवावं. सुरेश छाब्रिया यांनी संपादित केलेलं, १९९४ साली निघालेलं, १९१२ ते १९३४ च्या भारतीय मूकपटांवरचं. त्यात वीरचंद धरमसी यांनी केलेली मूकपटांची सूची आहे. ती नुसती चाळली तरी कळतं की नावं पानंच्या पानं आहेत आणि चित्रपट जवळजवळ नाहीतच. तेराशेच्या आसपास मूकपट या देशात झाले आणि त्यातले बहुतेक सगळे गेले. मी या विषयावर जे बोलतो त्यातलं बरंचसं याच पुस्तकाच्या आधारावर.

एवढं मात्र मान्य करायला हवं, की १९१७ चा असला तरी तो फाळक्यांचाच. त्यामुळे ‘फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र’ म्हणून ही रिळं दाखवली तर त्यात खोटं काही नाही. ‘मूळ’ आणि ‘१९१३’ हे दोन शब्द ठोकून दिले की खोटं सुरू होतं.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं तो. ‘एआयने आणलेले खरे रंग’ आणि ‘पहिली अभिनेत्री’. मेसेजमध्ये हे दोन वेगळे दावे दिसतात, पण व्हिडिओ पाहिला की कळतं ते एकच आहेत.

रंगांचं आधी सांगतो. त्या काळची कृष्णधवल फिल्म सगळ्या रंगांना सारखी दाद देत नसे. निळा तिला भरपूर दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळं आकाश पांढरंफटक येई आणि कुंकू काळं ठिक्कर. लाल लुगडं आणि काळं लुगडं त्या फिल्मवर उतरलं की एकाच गडद छटेचं. जी माहिती फिल्मवर उतरलीच नाही ती कुठला संगणक परत आणणार? या व्हिडिओत तारामतीचं लुगडं मोरपंखी हिरवं आहे. ते हिरवं फाळक्यांनी निवडलेलं नाही, दादरच्या ज्या घरात त्यांनी हा चित्रपट केला तिथे कुणी पाहिलेलं नाही, हजारो इतर चित्रांवरून यंत्राने अंदाजाने फासलेलं आहे. लहान मुलांना रंगात बघायला आवडतं, हे मला पटतं. माझ्या भाचीला कृष्णधवल लावलं तर ती उठून जाते. रंगवा, हौसेने रंगवा, फक्त ‘हे आजचे रंग आहेत’ असं पडद्यावर लिहा. ‘खरे रंग’ लिहू नका.

पण रंगांवर हे थांबलेलं नाही. चेहरे ‘स्वच्छ’ केलेत. तारामतीचा जबडा निमुळता झालाय, भुवया कोरल्यासारख्या, गाल गुळगुळीत. जुन्या प्रतीत तुम्ही तारामतीचा चेहरा नीट पाहिलात तर खांदे रुंद, मनगट जाड, हनुवटी पुरुषाची दिसते. कारण ते अण्णा साळुंके होते. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून जंग जंग पछाडलं. घरंदाज बायका सोडाच, नाचगाण्यावर पोट असणाऱ्या बायकांनीही सिनेमाचं नाव काढताच पाठ फिरवली. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारे साळुंके त्यांना सापडले. हौदातल्या स्नानाच्या प्रसंगात ओली लुगडी अंगाला चिकटलेल्या ज्या दासी दिसतात त्याही पुरुषच. तो प्रसंग जुन्या प्रतीत बघताना त्या काळच्या मुंबईत बाईच्या वाट्याला काय होतं ते एका नजरेत कळतं. यंत्राने तेच पुसून टाकलं, आणि वर मेसेज सांगतोय, पहिल्या अभिनेत्रीचं दर्शन घ्या.

ज्या खरोखर पहिल्या होत्या त्यांचं काय? दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. फाळक्यांच्या लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई लोकांची बोलणी अंगावर घेत मुलीला घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आणि मराठी माणसांनी मराठी अभिमानाने पाठवलेल्या मेसेजमध्ये तिचा मान एका गुळगुळीत केलेल्या पुरुषाच्या चेहऱ्याला देऊन टाकला. याला मी साधी चूक म्हणणार नाही. मुलं हे बघून परीक्षेत लिहितील.

आणि एक नाव या गोंधळात कायम मागे राहतं, सरस्वतीबाई फाळके. कोरी फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं रात्री अंधारात बसून पाडायचं काम त्या करायच्या, फिल्म धुवायच्या, आणि दिवसा सगळ्या मंडळींचं जेवण.  

आवाजाबद्दल फार बोलायची गरज नाही. मूकपट होता, त्यात आवाज नव्हता. थिएटरात वाजंत्री असायची, पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवणारा कुणी असायचा. पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ ला आला. हरिश्चंद्राचीच गोष्ट मराठीत बोलली ती १९३२ मध्ये, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या तोंडून. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘अयोध्येचा राजा’ हे दोन चित्रपट सर्रास एकमेकांत मिसळले जातात. व्हिडिओतले संवाद कुणी आणि कुठून घातले ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

‘सरकारने दडवून ठेवला’ हेही तसंच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. फाळके नाशिकला वारले १६ फेब्रुवारी १९४४ ला. मधली वीस वर्षं या रिळांना सरकारदरबारी वालीच नव्हता, दडवणार कोण? उलट हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारखा माणूस दारोदार फिरला, फाळके कुटुंबाकडे गेला, म्हणून आपल्याकडे एवढं तरी उरलं. आता इतकं कबूल करतो, की संग्रहालयाचा कारभार काही आदर्श नव्हता. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणारी जुनी फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि जे जळलं ते परत येणार नाही. सामान्य माणसाला तिथलं काही बघायचं तर वर्षानुवर्षं वाट सोपी नव्हती. लोकांच्या मनात संशय येतो तो अगदीच हवेतून येत नाही. पण हलगर्जीपणा वेगळा आणि कट वेगळा.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि यानेच खरं नुकसान होणार आहे. ‘जुनी रिळं सांभाळायची गरज नाही.’

मावशीच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ राहतात. जत्रांमधून तंबू टॉकीज चालवायचे. माळ्यावर त्यांचे पत्र्याचे डबे आहेत, वर खडूने लिहिलेली नावं अर्धी पुसलेली. मावशीने त्यांना हा मेसेज दाखवला आणि त्यांच्या सुनेने विचारलं, मग आता हे भंगारात दिलं तर चालेल ना? मावशी हे मला सहज सांगून गेली. मी फोनवर ओरडलोच.

असंच गेलंय सगळं. जुन्या फिल्ममधली चांदी काढण्यासाठी ती वितळवली, रिळं किलोवर विकली. पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एक प्रत कुठे नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही, जो थोडाफार दिसतो तो १९३६ चा बोलपट. आणि जे परत मिळालं ते कुणीतरी कुठेतरी डबा फेकला नाही म्हणून मिळालं. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ गेलाच असं धरलं होतं, त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्यात आली. पॅरिसमध्ये कुणाला भारतीय कथेचं काय पडलं होतं? तरी डबा राहिला.

एआय त्या डब्यातून नवं काही काढत नाही. डबा असेल तरच त्याला चघळायला काही मिळतं. उद्या अधिक चांगलं तंत्र येईल, आजच्या स्कॅनमध्ये दिसत नाही ते दिसेल, पण फिल्म हातात असली तर. चांगलं जतन करणारे एकेक चौकट स्कॅन करतात, ओरखडे काढताना काय काढलं त्याची नोंद ठेवतात, आणि मूळ फिल्मला हात न लावता ती थंड, कोरड्या जागी ठेवतात. त्यात चेहरे कोरून काढणं येत नाही.

शौकीन मंडळी घरी जे करतात त्यालाही हसू नका. दूरदर्शनवरून टेप केलेल्या कॅसेटीत एखादं कडवं सापडतं जे पुढच्या डीव्हीडीत कापलेलं असतं. चित्रपटाआधी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते, कात्री लागली असेल तर त्रिकोणाची खूण असते. त्यावरून लोक तासन् तास वाद घालतात, मूळ खेळ किती मिनिटांचा होता, कुठलं गाणं कुणी उडवलं. या भांडणांतूनच कळतं की आपण बघतोय ते अर्धवट आहे.

तेव्हा तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे डबे असतील तर एवढं करा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, पण गेलेली नाही. ते डबे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, माळ्यावरून, पत्र्याखालून खाली आणा. हौसेने प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फिल्म दातांत फाटते. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असं इंग्रजीत छापलेलं दिसलं नाही आणि ती फार जुनी असेल तर ती नायट्रेट असू शकते. ती भडकन पेटते, म्हणून देवघर, चूल, विजेचं बटण यांच्या जवळपास नको. डब्यावरची नावाची चिठ्ठी, आतला कागद, सुरुवातीचा प्रमाणपत्राचा तुकडा, काहीही काढून टाकू नका. फोटो काढा आणि पुण्याच्या संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. उत्तर यायला वेळ लागला तर परत कळवा, आणि तोवर भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवा.