बघण्याचा कार्यक्रम

माणूस सगळ्यात जास्त खोटं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात बोलतो, असा माझा इतकी वर्षं समज होता. ‘पोहे छान झालेत’पासून ‘मला वाचनाची आवड आहे’पर्यंत. गेल्या जानेवारीत आंबोलीला पक्षी बघायला गेलो आणि कळलं, ते काहीच नव्हतं. तिथं निदान मुलगी समोर येऊन बसते.

पक्षी बघायचं हिनं ठरवलं. पन्नाशीनंतर नवरा-बायकोनं मिळून एखादा छंद धरावा, असं हिच्या भिशीत कुणीतरी म्हणालं होतं. तीन दिवसांची सहल, दोन दिवस आंबोलीचा डोंगर आणि एक दिवस वेंगुर्ल्याकडचा किनारा, माणशी साडेअकरा हजार. त्यात राहणं, जेवण आणि गाईड धरलेला होता. पक्षी धरलेले नव्हते, पण ते मला नंतर कळलं. वेंगुर्ल्याला माझी सख्खी आत्या राहते, तिच्याकडे फुकट जाता येईल, हा मुद्दा मी मांडून पाहिला. “तिथं जाऊन तू झोपतोस,” ही म्हणाली. ते खरं असल्यामुळे विषय संपला.

येताना मातकट, हिरवे कपडे आणा, अशी सूचना होती. माझ्याकडे थंडीचं एकच शस्त्र आहे, मावशीनं विणलेला लालभडक स्वेटर. पहाटे साडेपाचला मी तो घालून बाहेर आलो, तेव्हा गाईड क्षणभर काही बोललाच नाही. मुलगा सावंतवाडीकडचा, अतिशय सभ्य. “सर, पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात,” एवढंच म्हणाला. मग त्यानं सगळ्यांना पँटचे पाय मोज्यात खोचायला लावले. जानेवारी ते मे गोचीड फार, आणि 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप पसरला तो त्यांच्याचमुळे. त्यामुळे वर लाल स्वेटर, खाली मोज्यात खोचलेली पँट, गळ्यात मेव्हण्याची दुर्बीण. सर्कस सुटल्यावर मागे राहिलेला माणूस दिसावा, तसा मी दिसत होतो.

बरोबर ठाण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांच्या कॅमेऱ्याला पुढे एवढी मोठी तोफ होती की ती धरायला त्यांनी पत्नीला आणलं असावं. पुण्याच्या दोन मैत्रिणी होत्या. आणि आठवीतला एक मुलगा होता. त्याच्या आईनं त्याला आणलं होतं म्हणायचं, प्रत्यक्षात त्यानं आईला आणलं होतं. या मुलानं माझं पुढचं आयुष्य कठीण केलं.

चहा साडेआठला मिळेल असं कळलं. म्हणजे तीन तास धुक्यात, बिनचहाचं, बिनबोलायचं, वाळक्या पानांवर आवाज न करता चालायचं. हे मांजरीला जमतं. माझ्या पायाखाली प्रत्येक पान कुरकुरीत चकलीसारखं मोडत होतं आणि प्रत्येक वेळी तो मुलगा मागे वळून बघत होता.

उजाडल्यावर गाईड थांबला, बोट वर केलं आणि कुजबुजला, “बेडूकतोंड्या.” सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या. मीही वर केली. मला बँक मॅनेजरांचा कान दिसला. आठ पट मोठा. केसांसकट.

“सर, ती आडवी वाळकी फांदी दिसते?”

“हो.” मला निदान चाळीस आडव्या वाळक्या फांद्या दिसत होत्या.

“तिच्यावर तीन वाळकी पानं आहेत बघा. त्यातली दोन पानं म्हणजे पक्षी.”

“आणि तिसरं?”

“तिसरं पान.”

हा पक्षी दिवसभर वाळक्या पानाचं सोंग घेऊन बसतो आणि रात्री किडे खातो. नर-मादी एकमेकांना चिकटून बसतात, मादी जरा तांबूस असते. सोंग इतकं चांगलं असतं की जवळून गेलेल्यालाही कळत नाही. एखाद्यानं इतके कष्ट घेऊन लपायचं ठरवलं असेल, तर आपण त्याला शोधायचं कशासाठी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. गाईडनं मागून माझं डोकं दोन्ही हातांनी धरून न्हाव्यासारखं फिरवलं. “आधी नुसत्या डोळ्यांनी फांदी पकडा सर, मग नजर न हलवता दुर्बीण वर आणा.” मी फांदी पकडली, दुर्बीण आणली, तेवढ्यात चष्म्यावर वाफ धरली. वाफ पुसेस्तोवर फांदी गेली.

आणि मग तो प्रश्न आला. “दिसला, सर?”

पाच मिनिटं झाली होती. सगळे बघून झाले होते. ही माझ्याकडे बघत होती. अशा वेळी कोण ‘नाही’ म्हणेल?

“वा!” मी म्हणालो. “वा, वा, वा!”

“काका, मादी कुठली?” आठवी.

“उजवीकडची.”

तो थांबला. कॅशियर पाचशेची नोट उजेडात धरून बघतो, तसं त्यानं मला बघितलं. “बरोबर,” तो म्हणाला.

खरं तर याच जागी माझं उत्तर चुकायला हवं होतं. पुढचं सगळं टळलं असतं. पण पहिलं खोटं खपलं की माणसाला चटक लागते. पुढच्या तासाभरात मी जे जे दाखवलं गेलं ते ते पाहिलं. सुतारपक्षी पाहिला, भृंगराज पाहिला, त्याच्या शेपटीची दोन लांब पिसंसुद्धा पाहिली. तेवढ्यात गाईड म्हणाला, “कर्णा! मलबारी कर्णा!” आणि लोक श्वास रोखून उभे राहिले. सगळे याच्याचसाठी आले होते. नराचं पोट लालबुंद असतं हे मी आदल्या रात्री पुस्तकात चित्र बघून पाठ केलं होतं. संधी आली आहे हे ओळखून मी मोठ्यानं म्हणालो, “अहाहा! काय लाल पोट आहे!”

कुणीच काही बोललं नाही.

“काका,” मुलगा हळूच म्हणाला, “त्यानं आपल्याकडे पाठ केलीय.”

कर्ण्याची ही सवयच आहे म्हणे. लाल पोट झाकून, तपकिरी पाठ करून तासन्‌तास एका जागी निश्चल बसतो. हे पुस्तकात असेल, पण मी चित्रंच बघितली होती. सगळे गप्प झाले. मी खाली वाकलो आणि सुटलेली नसलेली बुटाची नाडी बांधायला घेतली. बराच वेळ बांधली. वर कॅमेऱ्यांचे खटाखट आवाज येत होते आणि लोक अजून गप्पच होते. म्हटलं, फारच लागलेलं दिसतंय यांना.

संध्याकाळी यादी. हा प्रकार मला माहीतच नव्हता. गाईड एकेका पक्ष्याचं नाव वाचतो आणि ज्याला दिसला त्यानं हात वर करायचा. एकूण त्रेसष्ट. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखा मी शेजाऱ्याचा हात बघून हात वर करत होतो. कावळ्याला मात्र स्वतःहून केला, तोही सरळ.

त्या रात्री शेकोटीपाशी गाईडनं दोन गोष्टी सांगितल्या आणि मला जरा बरं वाटलं. एक आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीची. तिथं देवळाच्या कुंडात एक छोटा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी तो नीट पाहून नवी जात म्हणून जाहीर केला तो थेट 2020 मध्ये. म्हणजे देवळात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाशी असलेली वस्तू विद्वानांना दिसायला एवढी वर्षं लागतात आणि माझ्याकडून पाच मिनिटांत अपेक्षा! दुसरी गोष्ट अलिबागजवळच्या किहीमची. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 च्या सुमारास तिथं सुगरणींची घरटी बघत दिवस काढले. सुगरण म्हणतात खरं, पण घरटं विणतो नर. तो ते अर्धवट विणून लोंबत ठेवतो, मग माद्या बघायला येतात, आत शिरून तपासतात आणि एखादीला पसंत पडलं तरच तो पुढचं बांधकाम पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरं अर्धवट घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. मॅनेजर खो-खो हसले. त्यांच्या पत्नीनं तोफ खाली ठेवली आणि ते हसायचे थांबले.

दुसरा दिवस पहिल्यासारखाच गेला. ‘दिसला’ म्हणताना आता आवाज कापत नव्हता, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी घाट उतरलो. खाली सावरीचं झाड फुललं होतं. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यावर मैना, हळदे, कोतवाल यांची झुंबड. हे झाड मला फार आवडलं. पक्ष्यांची बसायची व्यवस्था सगळीकडे अशीच बिनपानांची असावी. पुढे किनाऱ्यावर चिखले आणि तुतवार होते. ते उघड्यावर, डझनांनी, अगदी समोर. पण सगळे सारखेच करडे, आणि मुलगा त्यांचे पाय हिरवट आहेत की काळे यावरून जाती पाडत होता. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याचे आधी पाय बघायचे, ही रीत आमच्यात नाही.

तिथून गाडी काजूच्या बागांमधून, जांभा दगडाच्या सड्यावरून एका आडवाटेला लागली. वाट ओळखीची वाटली. वळणावरचा फणसही ओळखीचा वाटला. “इथं एका घराच्या मागे काजऱ्याचं झाड आहे,” गाईड म्हणाला. “फळं पिकलीत. धनेश हमखास येतात.”

ते घर माझ्या आत्याचं होतं.

ती पडवीत कोकम सरबताचे ग्लास मांडून उभी होती. मला बघून तिचा हात थांबला. “अरे, तू खंयसून?”

“पक्षी बघायला, आत्या.”

“खंयचे? हे? माडगरुड?” तिनं मागे न बघता अंगठा मागे केला. “हे रोज सकाळी येतत नि गाढवासारके वरडतत. तू लहान असताना ह्येंच्या आवाजान उठून रडायचंस. किती पैशे दिलंस?”

मी आकडा सांगितला. आत्यानं डोक्याला हात लावला.

“माका सांगलं असतंस तर मियां फुकट दाखवलं असतंय. वर चाय!” मग गाईडकडे वळून म्हणाली, “ह्यो माजो भाचो हां. पण तेचेय पन्नास धर.” पाहुण्यामागे पन्नास रुपये आणि सरबत, असा दोन हिवाळे त्यांचा व्यवहार चालला होता.

आणि ते आले. आधी पंखांचा आवाज, जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा, मग दोन मोठे काळे-पांढरे पक्षी, चोचीवर पिवळं शिंग. काजऱ्याचं बी माणसाला विषारी, पण हे फळ चोचीत धरून, जरा वर उडवून, गट्ट करत होते. मला दिसले. दुर्बीण न लावता, चष्मा न पुसता दिसले. मी जवळजवळ ओरडलोच, “दिसले!” कुणी लक्ष दिलं नाही. आता मादी ढोलीत शिरेल, गाईड सांगत होता, आणि दार लिंपून स्वतःला कोंडून घेईल. फटीतून फक्त चोच बाहेर. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवतो.

“घोव बाजार आणता नि बायल घरात बसान खाता,” आत्या ग्लास गोळा करत म्हणाली. “आमच्यात असा खंय आसा?” ही तिच्याकडे बघून फार मनापासून हसली.

घरी आल्यावर चार दिवसांनी सहलीच्या ग्रुपवर मॅनेजरांनी फोटो टाकले. त्यातला एक सगळ्यांना फार आवडला. मलबारी कर्णा, समोरून, अगदी जवळ, लालबुंद पोट पूर्ण उघडं. आधीच्या फांदीवरून उडून तो या बाजूला आला होता, तो क्षण. आणि त्याच्याच खाली, वीतभर अंतरावर वाटावा असा, कुणीतरी लाल स्वेटरमध्ये पाठमोरा वाकून बुटाची नाडी बांधतोय.

मुलानं खाली लिहिलं होतं, “एका फ्रेममध्ये दोन नर. एकाची पाठ.”

हिनं त्याला अंगठा दिलाय.